चुकलेल्या सल्ल्यांची समिती

मी कॉलेजात होते, पण शिकवत नव्हते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी ‘लायब्ररीत का?’ असं विचारतो, मग ‘ऑफिसात?’ असं विचारतो आणि नंतर विषय बदलतो. माझ्या खोलीच्या दारावर ‘विद्यार्थी सल्लागार’ अशी पाटी होती. आमच्या शिपायाला ती कधी पटली नाही. तो मुलांना ‘विचारायच्या मॅडमकडे जा’ असं सांगायचा, आणि खरं तर तेच नाव बरोबर होतं.

मुलं विचारायला यायची. कोणता विषय घेऊ, कोणता सोडू, राहिलेला पेपर आता देऊ की पुढच्या वेळी, शाखा बदलता येईल का, मधे एक वर्ष थांबलं तर चालेल का, मिहानमधल्या कंपन्यांत लागायचं असेल तर कोणता कोर्स बरा. हातात बहुधा एखादा फॉर्म असायचा आणि तो त्याच दिवशी भरायचा असायचा. प्रश्न पाच मिनिटांचा, उत्तरही पाच मिनिटांचं. मग मूल दाराबाहेर जायचं आणि दुसरं आत यायचं.

नागपुरात आणि आसपासच्या कॉलेजांत असं काम करणारे आम्ही पन्नासेक लोक असू. कॉलेजात सल्लागार एकटाच असतो. प्राध्यापक त्याला आपल्यातला मानत नाहीत, ऑफिसवालेही मानत नाहीत. म्हणून आम्ही एक संघटना काढली. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सीताबर्डीजवळच्या एका शाळेत जमायचो आणि सहावीच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायचो. संघटनेत पगारी माणूस कुणीच नव्हतं. सगळं काम समित्यांनी करायचं, आणि समित्यांना माणसं मिळवायची जबाबदारी माझ्याकडे आली. कशी आली? त्या बैठकीला मी गैरहजर होते.

पहिली दोन वर्षं मी सभेतच विचारायची, ‘कोण कोण तयार आहे?’ हात भराभर वर जायचे. स्वागत समितीत अकरा नावं झाली होती, आणि संमेलनाच्या सकाळी हार आणायला मी आणि माझे यजमान गेलो. एका सरांनी आपल्या व्हिजिटिंग कार्डावर पाच समित्यांची नावं छापून घेतली होती. त्यांतल्या एकाही समितीची बैठक त्यांनी पाहिली नव्हती. आधी मला राग यायचा. नंतर त्या वर जाणाऱ्या हातांचं कुतूहल वाटायला लागलं. तो हात खोटा नसतो. त्या क्षणी माणसाला खरंच काम करायचं असतं, फक्त घरी पोचेपर्यंत ते टिकत नाही. मग मी सभेत विचारणंच बंद केलं. सभा संपल्यावर फळा कोण पुसतो, पंखे कोण बंद करतो, ते पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करून एकच लहान काम सांगायचं. असं करत करत आमच्या चार समित्या बऱ्यापैकी चालायला लागल्या.

पाचवी समिती मात्र मी काढली असं म्हणता येणार नाही. ती एका मुलीमुळे निघाली.

जूनमधली दुपार होती. कूलरमधलं पाणी संपलं होतं म्हणून मी दार उघडं ठेवलं होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी दारात उभी राहिली.

“येऊ का मॅडम? ओळखलं का मले?”

मी ओळखलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं, प्रणाली. आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. खापरखेड्याच्या वसाहतीत राहणारी, वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात. पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, “दुसऱ्या वर्षाले तुम्ही मले गणित सोडाले सांगितलं होतं.”

गणित सोडून तिनं दुसरा विषय घेतला, चांगल्या गुणांनी पास झाली, एका दवाखान्यात नोंदी करायच्या कामाला लागली. तिथं आकड्यांशी खेळता खेळता तिला वाटलं, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावं. अर्ज केला. अर्ज परत आला, कारण पदवीला गणित नव्हतं.

मी सावरून बसले. रागावलेल्या विद्यार्थ्याशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ती रागावलेली नव्हती.

“मी भांडाले नाही आली मॅडम. मले फक्त समजून घ्यायचं हाये, तुम्ही तसं काहून सांगितलं होतं. बाबा म्हणते, मॅडमनं काही पाहूनच सांगितलं असन. मी म्हटलं, विचारून येते.”

मी कपाटातून त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात एक ओळ होती : ‘गणितात कमी गुण. विषय बदलण्याचा सल्ला दिला. समाधान झाले.’ कुणाचं समाधान झालं, ते लिहिलेलं नव्हतं.

“मला आठवत नाही गं,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. मी मागितला म्हणून फोन नंबर लिहून दिला आणि गेली.

ती चिडली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं. ते ‘बरं’ मात्र डोक्यातून जाईना. पुढचे काही दिवस मी जुनी रजिस्टरं चाळत बसले. पानोपानी ‘समाधान झाले’. या मुलांचं पुढे काय झालं, मला माहीत नव्हतं. डॉक्टरला निदान पेशंट पुन्हा येऊन सांगतो, की गुण आला नाही. आमच्याकडे मूल पुन्हा आलं नाही, की त्याचं चांगलं झालं असं आम्ही धरून चालायचो. इतकी वर्षं मी सल्ले देत होते आणि ते बरोबर होते की नाही हे कधी पाहिलंच नव्हतं. आता मला ते पाहायचं होतं.

पुढच्या सभेत मी प्रस्ताव मांडला. चुकलेल्या सल्ल्यांची एक समिती करू. प्रत्येकानं आपला एखादा चुकलेला सल्ला लिहून द्यायचा, मुलाचं नाव नाही, कॉलेजचं नाव नाही, आपलंही नाव नाही. म्हणजे तीच चूक दुसऱ्याच्या हातून होणार नाही.

आमचे अध्यक्ष बारापात्रे सर मोठे अनुभवी. प्राचार्य झाल्यावरही त्यांनी मुलांना भेटणं सोडलं नव्हतं. ते म्हणाले, “गावंडे मॅडम, कल्पना चांगली आहे. फक्त नाव बदलू. ‘उत्कृष्ट मार्गदर्शन समिती’ म्हणू. चांगली उदाहरणं गोळा करू, चुका आपोआप समजतील.”

“कशा समजतील सर?”

“त्यात ज्या नसतील त्या.”

सगळे हसले. मीही हसले. मग मी माझाच नियम मोडून विचारलं, कोण तयार आहे. ज्या वर्गात स्वागत समितीसाठी अकरा हात वर गेले होते, तिथं एकही हात हलला नाही.

मी जिना उतरत होते तेव्हा मागून हाक आली. रामटेके सर होते. सावनेरकडच्या एका कॉलेजातले सल्लागार. आठ वर्षं ते प्रत्येक सभेला आले होते, शेवटच्या बाकावर बसले होते आणि एक शब्दही बोलले नव्हते. पंखे बहुधा तेच बंद करायचे, पण ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

“मॅडम, माह्यं नाव लिहून घ्या.”

“सर, मग वर हात का नाही केला?”

“तिथं केला असता तर सारे म्हणले असते, सांगा काय चुकलं. बारा-पंधरा आहेत. कोणती सांगू?”

दुसऱ्या दिवशी फरहीनचा फोन आला. शहराला लागून असलेल्या वाडी या गावातल्या एका खासगी कॉलेजात ती वर्षभरापूर्वी सल्लागार म्हणून लागली होती. “मॅडम, मी नवीन आहे. मेरी गलतियाँ अभी कम हैं. पण मला दुसऱ्यांच्या बघायच्या आहेत, म्हणजे मी त्या करणार नाही. चालेल?”

चालेल म्हणाले. समितीत तीन माणसं झाली.

पहिली बैठक फरहीनच्या कॉलेजात घेतली. तिच्या खोलीची खिडकी अमरावती रोडकडे उघडायची. समोर ट्रान्सपोर्टची गोदामं. एखादा ट्रक मागं यायला लागला की त्याच्या टीं टीं आवाजात बोलणं थांबायचं, ट्रक लागला की पुन्हा सुरू व्हायचं. त्या थांबत्या-चालत्या बोलण्यात रामटेके सरांनी सांगितलं, की ते गेली कित्येक वर्षं रविवारी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधत जातात.

“कशासाठी सर?” फरहीननं विचारलं.

“पाहाले. आपण सांगितल्यावर काय झालं ते.”

एका मुलाला चित्रकला शिकायची होती. सरांनी त्याला पॉलिटेक्निकला घातलं. मुलगा दोन वर्षांनी ते सोडून निघून गेला. सरांना ते मनात सलत होतं. शोधत शोधत गेले, तर तो वाडीतच ट्रकांवर अक्षरं आणि चित्रं रंगवत होता. सर त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, माझं चुकलं बाबा. मुलानं ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाला, सर, मापं घ्याले मी तिथंच शिकलो. बाकीच्या पेंटरची अक्षरं शेवटी दाटते, माही नाही दाटत.

“आता हा सल्ला चुकला म्हणू का नाही चुकला म्हणू?” सरांनी आम्हाला विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

त्याच दिवशी आम्ही एक पान तयार केलं. मुलानं काय विचारलं, मी काय सांगितलं, पुढे काय झालं, असे तीन प्रश्न मी लिहिले. फरहीन बराच वेळ ते पान बघत होती. मग म्हणाली, “मॅडम, एक कमी आहे. मी काय विचारलं नाही.” तो चौथा प्रश्न आम्ही तिसऱ्याच्या वर घातला.

दोन महिने एकही पान आलं नाही. मला नवल वाटलं नाही. चुका मागितल्यावर कोण देईल? मग मी पुन्हा माझ्या जुन्या पद्धतीवर आले. चूक हा शब्दच काढून टाकला. एकेकाला फोन करून एवढंच म्हणाले, ‘तुमच्याकडे आलेला आणि नंतर कधीच न दिसलेला एक विद्यार्थी आठवा. त्याला फोन लावा. कसा आहेस, एवढंच विचारा.’

या कामाला लोक तयार झाले. त्यांनाही माझ्यासारखंच कुतूहल होतं, फक्त ते कुणी चाळवलं नव्हतं. एक सर मला सांगत आले, की त्यांनी ज्याला फोन केला तो मुलगा म्हणाला, ‘सर, तुम्ही काय सांगितलं होतं ते मले आठवतच नाही. मी घरी जाऊन आईचं ऐकलं.’ सल्ला चुकला असता तर सरांना इतकं लागलं नसतं. पण हळूहळू पानं यायला लागली. बंद पाकिटात, हातानं लिहिलेली, नाव नसलेली. पाचसात आली, मग आणखी आली, सोळा झाली.

त्यांत माझं पान नव्हतं. चौथ्या प्रश्नापाशी मी अडत होते. प्रणालीला मी काय विचारलं नव्हतं? एके दुपारी तेच कोरं पान घेऊन बसले असताना तो दिवस थोडासा आठवला. विषय बदलण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता, बाहेर रांग होती, आणि ही मुलगी समोर बसून रडत होती. तिचं रडणं थांबावं म्हणून मी गणित सोडायला सांगितलं होतं. तिची गुणपत्रिका मी वरवरच पाहिली होती.

मी तिला फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं.

“हो मॅडम, मी लय रडत होती. पण गणित येत नव्हतं म्हणून नाही. गणिताचा तास शेवटचा राहे. साडेपाचची खापरखेड्याची बस चुकली का घरी पोचाले अंधार होऊन जाय, अन् आई बोले. म्हणून मी तो तास सोडून जाओ. गुण त्याच्यानं कमी होते.”

गणिताचा सकाळचाही एक वर्ग होता. तीस-पस्तीस मुलं त्याच वर्गाला बसत. माझ्या एका चिठ्ठीवर तिचा वर्ग बदलून मिळाला असता. मला फक्त ‘गुण कमी का पडले?’ एवढं विचारायचं होतं.

“तू तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही घाईत होत्या.”

ते पान मी त्याच दिवशी लिहिलं. सतरावं.

वार्षिक सभेच्या आधी आम्ही सतरा पानांची झेरॉक्स काढली, मधे पिन मारली आणि सभासदांना एकेक प्रत दिली. मी खूश होते. चार दिवसांनी फरहीनचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता.

सोळा पानांतलं एक तिचं होतं. तिच्याकडे एक विवाहित विद्यार्थिनी आली होती. दिवस गेले होते, तब्येत ठीक नव्हती. फरहीननं तिला एक वर्ष थांबायला सांगितलं. ती थांबली आणि परत आलीच नाही. मी सगळ्यांना सांगितलं तसं फरहीननंही तिला फोन केला, घरीही जाऊन आली. तेव्हा समजलं, की परत प्रवेश घ्यायचा फॉर्म फक्त सत्र सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आणि स्वतः गेलं तरच मिळतो. त्या आठवड्यात मूल तापानं फणफणलेलं होतं. नंतर गेली तर परत पाठवलं. फरहीननं पानावर चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं : ‘परत यायचं ठरलं तर तुला कोण येऊ देईल, हे मी विचारलं नाही. घरीही नाही आणि कॉलेजातही नाही.’

पानावर कुणाचंच नाव नव्हतं. पण फरहीनच्या कॉलेजात मधे वर्ष थांबलेली विवाहित मुलगी एकच होती. प्रत फिरत फिरत ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांपर्यंत गेली. त्यांनी फरहीनला बोलावून विचारलं, हे तुम्ही लिहिलं का. ती हो म्हणाली.

लिहायच्या आधी तिनं मला विचारलं होतं, कुणाला कळणार नाही ना मॅडम? मी म्हणाले होते, निश्चिंत लिही, कुणाला कळणार नाही.

बारापात्रे सरांनी तातडीची सभा बोलावली. सभेआधी मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “प्रती परत घेऊ आणि समिती बंद करू. तुम्ही विरोध करू नका.” मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “मॅडम, इथं बसलेल्या निम्म्या लोकांची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली. तुम्हाला काही होणार नाही.”

हे खरं होतं, आणि ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटण्याइतकं खरं होतं.

सभा सुरू झाली. फरहीन खिडकीजवळ मान खाली घालून बसली होती. मी उभी राहिले आणि माझं पान वाचलं. या वेळी आधी माझं नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं, मग प्रणालीच्या बसपर्यंत सगळं वाचलं. खाली बसले, तर शेवटच्या बाकावर रामटेके सर उभे राहिलेले.

“मी आठ वर्षांत इथं बोललो नाही,” ते म्हणाले. “आता पान वाचतो. माह्यंच हाये.” त्यांनी शांतपणे, एकेक शब्द लावत वाचलं. मग म्हणाले, “त्या पोरीचं एकटीचं नाव बाहेर आलं, हे बरोबर नाही झालं. ज्याले जमन त्यानं आपल्या पानावर सही करा. ज्याले नाही जमत त्यानं नका करू. घरदार हाये प्रत्येकाले.”

सगळे उठले असं काही झालं नाही. आम्ही दोघं धरून सात जणांनी सह्या केल्या. एक बाई पेन हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि पेन पर्समध्ये ठेवून दिलं. बाहेर निघताना त्यांनी माझा हात दाबला. बारापात्रे सरांनी सही केली नाही, पण समिती बंद करण्याचा ठरावही मांडला नाही. प्रती परत घ्यायच्या, यापुढे काही छापायचं नाही, पानं फक्त सभेत वाचायची, असं ठरलं. आजही तशीच वाचली जातात. समिती आता रामटेके सर चालवतात. प्रणाली बाहेरून गणिताचे पेपर देते आहे, दोन झाले आहेत.

सह्यांचा फरहीनला काही उपयोग झाला नाही. मे महिन्यात तिला पत्र मिळालं, करार पुढे चालू राहणार नाही. कारण दिलेलं नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं सरबत दिलं, हवापाण्याचं बोलल्या आणि आम्हाला दोघींना बसवून आत गेल्या. मी म्हणाले, “फरहीन, मी तुला चुकीचं सांगितलं. कुणाला कळणार नाही म्हणाले.”

तिनं ग्लास खाली ठेवला. “मॅडम, तुम्ही एक विचारलं नव्हतं. मेरी नौकरी पक्की है या नहीं.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तिथं बसून तेच पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. वर्षभर चौथ्या प्रश्नाचं पान घेऊन मी सगळ्यांच्या मागे लागले होते, आणि समोर बसलेल्या या मुलीला ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

“मग आता काय करणार?” मी विचारलं.

“दोन ठिकाणी अर्ज केलेत. बघू. त्याआधी सीमाचं काम आहे.”

सीमा म्हणजे पानावरची ती विवाहित मुलगी. वाडीतच एका भाड्याच्या खोलीत राहायची, नवरा गोदामात हमालांचा मुकादम. नोकरी संपायच्या आधीच्या आठवड्यांत फरहीन तिच्याकडे तीनदा जाऊन आली होती. सासूबाई पहिल्या दिवशी बोलल्याच नाहीत, दुसऱ्या दिवशी ‘घरी किती वाजता येईन ही?’ एवढं विचारलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘जाऊ दे मग.’

सत्र सुरू झालं तेव्हा मी निवृत्त झाले होते. फरहीननं फोन केला, तुम्ही येता का मॅडम, उद्या सीमाचा फॉर्म आहे. मी रिक्षानं गेले. कॉलेजच्या गेटसमोर दोघी उभ्या होत्या. सीमाच्या कडेवर सव्वा वर्षाची मुलगी. गेटवरचा चौकीदार फरहीनला ओळखत होता, पण ओळखपत्राशिवाय कर्मचारी म्हणून सोडता येत नाही आणि पालक म्हणूनही नाही. तो अवघडून म्हणाला, “मॅडम, तुम्हाले माहीत हाये नं.”

“हो भाऊ, तुमची काय चूक,” फरहीन म्हणाली. तिनं सीमाकडून बाळ घेतलं. “तू जा. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडची खिडकी. जुनी गुणपत्रिका वर ठेव. नाही म्हणाले तर तिथंच थांब, खाली येऊ नको.”

सीमा आत गेली. आम्ही रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. बाळ आधी रडलं, मग ट्रक बघून गप्प झालं. फरहीन तिला एकेक ट्रक दाखवत होती आणि अधूनमधून गेटकडे बघत होती. तिच्या जुन्या खोलीची खिडकी तिथून दिसत होती. ती उघडी होती, आत कुणीतरी नवीन बसलेलं असावं.

तासाभरानं सीमा बाहेर आली. हातात शिक्का मारलेला कागद. रस्ता ओलांडून ती पळतच आली, बाळाकडे हात केले, पण आधी कागद फरहीनपुढे धरला.

“झालं मॅडम. आता विषय भरा लागते, आजच द्या म्हणते. कोणते घेऊ?”

फरहीननं कागद घेतला नाही. बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

“बस आधी,” ती म्हणाली. “सकाळी बाळाला कोण बघणार ते सांग. आणि तुझी सासू झोपते किती वाजता, उठते किती वाजता, सगळं सांग. घाई नाही.”

सीमानं माझ्याकडे पाहिलं, मग बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि सांगायला लागली. आम्ही तिथं दीड तास बसलो. फॉर्म भरून झाला तेव्हा ऑफिसची खिडकी बंद व्हायला अजून थोडा वेळ होता.